सायकल गुंडाळली तरी पाय गुंडाळू नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत पावसाळ्यात सायकल कशी जपावी यावर अर्धे पान मजकूर आला होता. साखळीला वंगण कोणते घालावे (सायकलच्या साखळीला, आमच्या गोव्यातल्या साखळी गावाला वंगण लागत नाही, इथे जून लागला की सगळे आपोआपच घसरते), चाकात हवा किती ठेवावी, सायकल कोणत्या कापडात गुंडाळावी, भिंतीला टांगावी की उभी ठेवावी, सगळे सविस्तर होते. त्या सायकलवर बसणाऱ्या माणसाने हे चार महिने काय करावे याबद्दल मात्र चकार शब्द नव्हता. शेवटी एवढेच, की दसऱ्याला सायकल बाहेर काढा आणि मोसमाचा आनंद लुटा. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे, कारण तीन वर्षांपूर्वी मी अक्षरशः तेच केले होते.

मी साखळीच्या बाजारातला पसरकार. वय ५३. तांदूळ, डाळी, खोबरेल, सुकी मासळी विकतो. माझे वडील याच पसऱ्यातला माल सायकलच्या कॅरियरला बांधून हरवळे, कुडणे, न्हावेलीपर्यंत पोचवायचे. त्यांना फिटनेस हा शब्द ठाऊक नव्हता आणि पोटही नव्हते. मला दोन्ही चाळिशीत मिळाले, आधी पोट आणि मग शब्द. ४५व्या वर्षी रक्तातली साखर वाढल्याचा कागद हातात पडला, तेव्हा मी पुन्हा सायकलकडे वळलो. आता ऑक्टोबर ते मे आठवड्याला दीडशे-दोनशे किलोमीटर होतात. २०० किलोमीटरची ब्रेव्हे दोनदा पुरी केली आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर नोंद करून घ्यायची, पहिला कोण आला ते कोणी विचारत नाही. ३०० किलोमीटरला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. माझी मजल अजून २०० च्या पुढे गेलेली नाही, आणि त्याला कारण तो एक पावसाळा.

त्या वर्षी पाऊस धरला तसा मी शहाण्यासारखा सायकल धुतली, पुसली, तेल घातले, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर चढवली आणि गल्ल्यावर बसलो. पावसात गिऱ्हाईक कमी, त्यामुळे खुर्ची सोडायलाही निमित्त नाही. आषाढात भजी, नागपंचमीला पातोळ्या, चवथीला नेवऱ्या आणि मोदक, शिवाय आरतीला ज्या घरी जाऊ तिथला प्रसाद. जूनमध्ये गोदामातल्या काट्यावर मी ७० किलो ४०० ग्रॅम भरलो होतो. खंडेनवमीला उभा राहिलो तर काटा ७५ च्या पुढे. लोकांची साखर ग्रॅमवर तोलून देणारा मी, स्वतःला चार महिने तोललेच नव्हते.

खंडेनवमीला सायकलला झेंडूची माळ घातली. दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पर्ये, मोर्ले करत केरी गाठून थेट चोर्ला घाटाला भिडलो. मे महिन्यात केरीहून माथा मी १ तास २० मिनिटांत गाठला होता. डोक्यात तोच आकडा, हातात तेच गिअर. पहिली दोन वळणे झोकात गेली. तिसऱ्या वळणावर छाती भात्यासारखी चालू लागली, पण थांबायची लाज वाटली, म्हणून पेडलवर उभा राहून रेटत राहिलो. अर्ध्या घाटात उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली कळ आली ती अशी, की पाय खाली टेकवतानाच ओरडलो. कठड्यावर बसून राहिलो. तासाभराने बेळगावहून भाजी घेऊन उतरणारा टेम्पो आला. चालक ओळखीचा, आमच्या बाजारातच माल उतरवणारा. सायकल कोबीच्या पोत्यांवर आडवी, मी केबिनमध्ये. त्याने त्या दिवशी बाजारात भाजीबरोबर माझी बातमीही दुकानोदुकानी उतरवली. गुडघा सहा आठवडे धरून होता. नोव्हेंबर, म्हणजे गोव्यात सायकलसाठी सोन्यासारखा महिना, मी गल्ल्यावरूनच बघितला. ब्रेव्हेचे भरलेले पैसेही गेले.

गुडघा शेकत बसलो असताना मी वाचायला लागलो. कळले ते पसरकाराच्या भाषेत सांगतो, कारण मला ते तसेच समजले. दमाचा साठा दोन प्रकारचा असतो, नाशवंत आणि टिकाऊ. व्यायाम बंद केला की सगळा माल एकदम सडत नाही. आधी जाते ते रक्तातले पाणी. नियमित सायकल चालवणाऱ्याच्या अंगात रक्त जास्त खेळते, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलते. ते वाढीव पाणी काही दिवसांतच उतरू लागते, पालेभाजीसारखे. म्हणून पंधरा दिवसांच्या सुटीनंतर साध्या चढावरही नाडी उडते. एडवर्ड कॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत वर्षानुवर्षे सराव असलेल्या सात जणांना ८४ दिवस पूर्ण विश्रांती द्यायला लावली आणि वेळोवेळी तपासले. १९८४ सालचे हे काम. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते ते माप पहिल्या तीन आठवड्यांतच ७ टक्क्यांनी उतरले, आठ आठवड्यांनी १६ टक्क्यांवर जाऊन थांबले. पण स्नायूंत वर्षानुवर्षांच्या सरावाने विणल्या गेलेल्या बारीक केशवाहिन्या ८४ दिवसांनंतरही जवळजवळ होत्या तशाच. ती तूरडाळ म्हणायची, कोरड्या डब्यात टिकून राहते. मला यातले दुसरे अर्धे वाचून धीर आला. पहिले अर्धे मी घाटात स्वतः अनुभवले होतेच.

याहून उपयोगाचे काम शिकागोच्या रॉबर्ट हिक्सन यांचे. ते पुरवणीत छापले असते तर सायकलच्या कापडाची जागा वाचली नसती का? त्यांनी माणसांना दहा आठवडे, आठवड्यातले सहा दिवस, रोज ४० मिनिटे सायकल आणि धावणे असा घाम गाळायला लावला. मग पुढचे १५ आठवडे सराव कमी केला, पण एका वेळी एकच गोष्ट कमी करून. १९८१ च्या कामात दिवस कमी केले. काही जणांना सहाचे चार, काहींना सहाचे दोन. कमावलेली प्राणवायूची क्षमता दोन दिवसांवरही टिकली. १९८२ मध्ये दिवस सहाच ठेवले, वेळ कमी केला. ४० मिनिटांची २६, काहींची फक्त १३. तरीही क्षमता टिकली, मात्र १३ मिनिटेवाल्यांचा लांब पल्ल्याचा दम दहा टक्क्यांनी घटला. १९८५ मध्ये दिवस आणि वेळ तेवढेच ठेवून जोर कमी केला, एक तृतीयांशाने किंवा दोन तृतीयांशांनी. तेव्हा मात्र कमाई ओसरली.

म्हणजे दिवस कापा, वेळ कापा, जोर कापू नका. आपल्याकडे बहुतेक जण नेमके उलटे करतात. पाऊस लागला की छत्री घेऊन रोज तासभर रमतगमत चालतात आणि समजतात की सायकलचा दम राखला. चालणे चांगलेच, मीही चालतो, पण त्याने घाटाचा दम राहत नाही. आणि १५ आठवडे म्हणजे १०५ दिवस. ७ जूनपासून मोजा, २० सप्टेंबर येते. जणू आमच्या पावसाळ्याचे माप घेऊनच तो प्रयोग केला होता.

आता गेल्या दोन पावसाळ्यांत मी काय केले ते सांगतो. यात माझे शहाणपण थोडे, गोदामाचे जास्त.

पहिले पंधरा दिवस काहीही करत नाही. याची लाज वाटायचे कारण नाही. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलरना मासेमारीबंदी असते. मासळी वाढावी म्हणून ती असते, आणि त्या दिवसांत खलाशी झोपून नसतात. जाळी विणतात, इंजिने उघडतात, होड्यांना रंग काढतात. माझी बंदी पंधरा दिवसांची. तेवढ्यात बसून बसून आखडलेली मान आणि कंबर मोकळी करतो, आणि मनात सायकलची भूक जागी होऊ देतो. सांजाव (२४ जूनचा सण) झाला की कामाला लागतो.

गोदामात उकड्या तांदळाच्या गोणींच्या मधल्या बोळात मी एक जुना ट्रेनर बसवला आहे. ट्रेनर म्हणजे मागचे चाक एका रोलरवर टेकवून सायकल जागच्या जागी चालवायचे साधन. नवे, संगणकाला जोडायचे, लाखभराचे मिळतात. माझा कोणीतरी वापरून टाकलेला, सहा हजारांचा, आणि आवाज असा, की पहिल्या आठवड्यात एक म्हातारी गव्हाची पिशवी घेऊन दारात उभी. ‘गिरण घातली काय रे?’ पत्र्यावर पाऊस, खाली माझी गिरण. घरची मंडळी आता सकाळी साडेपाचला त्याच आवाजावर उठतात. निदान तसे मला सांगतात.

मंगळवारी आणि शुक्रवारी जोर. दहा मिनिटे हलके पेडल, मग चार मिनिटे जोरात असे चार वेळा, दोन जोरांच्या मध्ये तीन मिनिटे हलके, शेवटी पाच मिनिटे पाय सैल. हिशेब करा, ४० मिनिटे. जोर किती, हे मोजायला माझ्याकडे शक्ती दाखवणारे यंत्र नाही. माझी कसोटी चवथीची आहे. हलक्या वेगात आरतीचे सबंध कडवे न अडखळता म्हणता आले पाहिजे. जोराच्या चार मिनिटांत दोन शब्दांच्या पुढे जाता कामा नये. तिसऱ्या शब्दाला श्वास पुरला तर जोर कमी पडतो आहे. आणि दोन शब्दही निघत नसतील तर तुम्ही चौथ्या फेरीपर्यंत टिकणार नाही. ज्यांना रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हे करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मी साखरेचा रोगी, मीही विचारले होते.

गोदामात पहिल्यांदा बसलो तेव्हा वीस मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे चमकले. मला वाटले दम गेला. दम नव्हता गेला, हवा गेली होती. रस्त्यावर सायकल चालते तेव्हा वारा अंगावर येतो आणि घाम वाळतो. घाम वाळला तरच अंग थंड होते. गोव्याच्या जुलैत हवेतच इतके पाणी की घाम वाळायला जागा नाही, त्यात बंद खोली. घाम नुसता ओघळतो, अंग तापत राहते, नाडी चढत जाते. तेव्हा ट्रेनर घेण्याआधी पंखा घ्या, उभा, मोठा, थेट छातीवर. माझ्या दृष्टीने या सबंध सरंजामात महाग काही असावे तर ते पंखा. तांदळाचा काटा इथेही कामी आला. चाळीस मिनिटांआधी आणि नंतर, अंग पुसून, स्वतःला तोलले. पंख्याशिवाय १ किलो १०० ग्रॅम गेले होते, पंखा लावून ७०० ग्रॅम. एक किलो म्हणजे जवळपास एक लिटर पाणी. आता जेवढे जाते तेवढे पुढच्या दोन तासांत कोकम आगळ, मीठ आणि चिमूटभर साखर घातलेल्या पाण्याने भरून काढतो. बाटलीतल्या रंगीत पाण्यावर मला भरवसा नाही, आणि तेही मी विकतो. आणखी एक. घामाच्या मिठाने सायकलच्या हँडलचे नट दोन महिन्यांत गंजले. वरून जुना टॉवेल अंथरत जा.

बुधवारी गोणी. हे ऐकून आमचा हमाल अजून हसतो. पण नॉर्वेच्या बेंट रोनेस्टाड यांच्या गटाने २०१० साली सायकलपटूंवर केलेले काम असे सांगते, की आधी बारा आठवडे पायांना जड वजनांचा सराव दिला आणि मग पुढचे तेरा आठवडे आठवड्यातून एकदाच तो चालू ठेवला, तरी कमावलेली ताकद टिकते आणि सायकलवर तिचा उपयोग दिसतो. जिम माझ्या पसऱ्याला चिकटूनच आहे, २५ किलोच्या गोणीत. ती छातीशी धरून अर्ध्या बैठका, आठ-आठच्या तीन फेऱ्या. मग सोड्याच्या रिकाम्या क्रेटवर फळी टाकून एका पायाने चढउतार, आधी रिकाम्या हातांनी, आता दहा किलोची पिशवी धरून. गोणी उचलताना कणा ताठ आणि गोणी अंगाजवळ. तीस वर्षे मी ती वाकून उचलत होतो, आणि पाठ दुखते म्हणून सायकलला दोष देत होतो. गुडघ्याचे दुखणे परत आले नाही ते माझ्या मते या बुधवारांमुळे. छाती दोन-तीन आठवड्यांत परत जोर धरते. गुडघ्यातले दोर त्याहून सावकाश तयार होतात, आणि माझे त्या दसऱ्याला तेच झाले होते. छातीने हार मानायच्या आधी गुडघ्याने मानली.

सायकलवाल्यांना आणखी एक सांगायला हवे, विशेषतः पन्नाशीच्या आतबाहेरच्या बायकांना. सायकलवर अंगाचा भार सीटवर असतो, हाडांवर धक्का येत नाही. नुसतीच सायकल चालवणाऱ्यांच्या कण्याची हाडे ठिसूळ होण्याकडे कल असतो, हे आता पुष्कळ तपासण्यांतून दिसले आहे. पावसाळा ही त्यांची भरपाई करायची वेळ. मी शनिवारी हरवळेच्या धबधब्यापाशी पायऱ्या चढउतार करतो, वीस मिनिटे. उतरताना शेवाळ पाहून. त्या दिवसांत धबधब्याचे तुषार पार वर येतात, व्यायामाचा कंटाळा येत नाही. आमच्या आईने मात्र जन्मभर जूनमध्ये शेतात लावणी केली, कमरेत वाकून, गुडघाभर चिखलात. ती ८१ वर्षांची आहे आणि पायऱ्या माझ्याआधी चढते.

रविवारी उघडीप असेल तर बाहेर पडतो, दीड-दोन तास. हिक्सनच्या त्या तेरा मिनिटेवाल्यांचा लांब दम घटला होता ना, त्यावर हा उतारा. पण घाटात जात नाही. होंडा, वाळपईच्या रस्त्यावर लाल चिखलाचा पातळ थर असतो, तो ओला झाला की साबण. पांढरे पट्टे, लोखंडी जाळ्या, पुलाचे सांधे यांवर वळत नाही, सरळ ओलांडतो. रिमवर पकडणारा ब्रेक ओल्यात उशिरा धरतो, म्हणून आधीच हलका दाबून पाणी पुसून घेतो. आणि वळणापलीकडे डांबरावर गुरे बसलेली असणार हे धरूनच चालतो, कारण ती असतातच. विजा चमकत असतील तर घरी.

याच रविवारच्या फेरीत मला आमचा पोदेर, म्हणजे सायकलवरून दारोदार पाव पोचवणारा, भेटतो. मागे वेताची टोपली, तीवर निळे प्लास्टिक, हँडलला भोंगा. धो धो पाऊस असो, सकाळ-संध्याकाळ तो येतो. एकदा विचारले, पावसाळ्यात तुमची सुटी कधी? ‘सुटी? आनी उंडे (पाव) कोण व्हरतलो?’ म्हणाला आणि चढावर मला मागे टाकून गेला. टोपलीसकट. गोव्यात ऑफ सीझन हा हॉटेलवाल्यांचा शब्द आहे, त्याच्या धंद्यात तो नाही.

खाण्याबद्दल तीनच वाक्ये. सराव निम्मा झाला की भूक निम्मी होत नाही, ताट मुद्दाम आवरावे लागते. मी भाताची एक मूद काढून टाकली आणि अळसांदे, मूग, सुके बांगडे वाढवले. चवथीच्या पाच दिवसांत मात्र मी काटा झाकून ठेवतो.

इंटरनेटवरून वेळापत्रके उतरवून घेणाऱ्या तरुणांनाही एक सांगायचे आहे. ती वेळापत्रके बर्फासाठी लिहिलेली असतात. त्यांत ऑफ सीझन म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. आमच्या सायकलवाल्यांच्या गटातल्या एका पोराने तशी छापील विश्रांती नोव्हेंबरात घेतली आणि जूनमध्ये ‘आता लांब पल्ले’ म्हणून भर पावसात बाहेर पडला. आपले वर्ष त्याच्या उलटे चालते. पणजीला २०१९ पासून जी एकूण ७०.३ मैलांची ट्रायथलॉन होते, १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे, ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. तिच्यात उतरणाऱ्यांना पावसाळा ही विश्रांती नसून ऐन तयारीचा काळ. त्यांचे गणित वेगळे, त्यांना मार्गदर्शकही असतात. मी लिहितो आहे ते माझ्यासारख्यांसाठी, जे दुकान, नोकरी, घर सांभाळून सायकल चालवतात आणि वाळपईने पावसाची शंभर इंचांची मजल गाठल्याची बातमी आपल्या अंकात वाचून चादर घट्ट ओढून घेतात.

गेल्या ऑक्टोबरात मी चोर्ल्याला दसऱ्यानंतर तब्बल तीन आठवड्यांनी गेलो. आधी दोन आठवडे सपाटीवर, मेमधल्या अंतराच्या निम्मे, हलक्या गिअरवर. मग घाट. १ तास २३ मिनिटे. वजन ७१. भाजीचा टेम्पो वाटेत भेटला, चालकाने काच खाली करून विचारले, ‘चढवू काय?’

आता एक मागणी. मला गोदाम आहे. सगळ्यांना नाही. आमच्या गटात दोन शिक्षिका आहेत, एक शिवणकाम करणारी आहे, दोन खोल्यांत पाच माणसे राहतात, तिथे ट्रेनर कुठे मांडणार आणि दोरीवरच्या उड्या कुठे मारणार? आमच्या भागात एक सार्वजनिक सभागृह आहे. चांगले मोठे, पंखे आठ. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, म्हणजे नेमके ज्या चार महिन्यांत छपराची गरज असते त्याच चार महिन्यांत ते सकाळी रिकामे असते. गेल्या जुलैत मी तिथे गेलो आणि आठवड्यातून तीन दिवस, साडेपाच ते सात, एवढी वेळ मागितली. विजेचे पैसे आम्ही भरू म्हटले. पहिल्या खेपेला सांगितले, चावी ज्यांच्याकडे असते ते रजेवर. दुसऱ्या खेपेला, घामाने फरशीवर डाग पडतील. ज्या फरशीवर लग्नाच्या जेवणावळीत सोलकढी सांडते त्या फरशीवर! तिसऱ्या खेपेला अर्ज दोन प्रतींत द्या म्हणाले. दिला. पोच घेतली. पोचेवर शिक्का आहे, आवक क्रमांक आहे, तारीख आहे. पुढे चवथ आली, मग दसरा, मग मी सायकलवर बसलो आणि माझाही पाठपुरावा सुटला, हे कबूल करतो. यंदा जून लागताच परत गेलो, तर नव्याने अर्ज द्यावा लागेल, जुना गेल्या वर्षीचा म्हणून.

प्रत्येक गावात असे एखादे सभागृह, शाळेचा हॉल, देवळाचा मंडप असेल. त्यांचे दरवाजे जून ते सप्टेंबर सकाळी दीड तास उघडावेत, एवढी विनंती संबंधितांना आपल्या अंकामार्फत करतो. आणि आपल्या पुरवणीला अशी, की दसऱ्याचा अंक काढाल तेव्हा ‘सायकल बाहेर काढा’ याच्या खाली निदान एक ओळ घालावी, पहिले पंधरा दिवस घाटात जाऊ नका.

कळावे,
आपला,
एक पसरकार,
साखळी, डिचोली तालुका

ता. क. नवा अर्ज कालच दिला. उत्तर येईपर्यंत, गोदामात आणखी एक ट्रेनर मावतो, मोजून पाहिले आहे. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेपाच. टॉवेल आणि पाणी ज्याचे त्याने आणावे. पंखा एकच आहे, तो मधोमध राहील.